मुकादमाचा डोळा

विल्फ ब्लॅनशार्डला चेहरा मिळाला तो थेट पन्नाशीचा. सतराव्या वर्षीच त्याच्या डोळ्यांखाली पिशव्या लोंबत होत्या, ओठांची टोकं खाली उतरली होती आणि कपाळावर तीन आठ्या कायमच्या मुक्कामाला आल्या होत्या. "हे पोर जन्मलं तेच पेन्शनीत निघालेलं," असं त्याची आई ॲडा शेजारणींना सांगायची, आणि तेही विल्फच्या तोंडावर.

बाप जॉब ग्रिम्झबीच्या गोदीवर मासे कापणाऱ्यांचा मुकादम होता. चाळीस माणसं त्याच्या हाताखाली. उजव्या हाताची दोन बोटं बर्फ फोडायच्या यंत्रात गेलेली. कुणाचं काम पसंत पडलं नाही की जॉब त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा, डावा डोळा मिटायचा, तो थोटा हात जाकिटाला पुसायचा, दातांच्या फटीतून हवा आत ओढायचा आणि म्हणायचा, "मी काही बोलत नाहीये. पण बोललो ना, तर बघ."

एवढ्यावर समोरचा माणूस गार पडायचा. त्या वाक्याला गोदीवर कधी कुणी हसलं नाही.

हसला तो एकदा घरात ऑस्वल्ड, विल्फचा मोठा भाऊ. विल्फ तेव्हा बारा वर्षांचा. चहाच्या वेळी त्याने डोळा मिटून, दोन बोटं दुमडून, ऑस्वल्डच्या ताटातल्या हॅडक माशाच्या तुकड्यावर बापाच्या आवाजात ताशेरे झाडले. ऑस्वल्डच्या नाकातून दूध बाहेर आलं. जॉब दारातच उभा होता. त्याने पट्टा काढला, विल्फला बदडलं आणि हसला म्हणून ऑस्वल्डलाही दोन ठेवून दिले. "माणूस म्हणजे काय खेळणं आहे का रे?" एवढंच तो म्हणाला. ऑस्वल्ड तेव्हापासून शहाणा झाला. विल्फ मात्र नक्कल करतच राहिला, फक्त दार लावून.

शाळा सुटल्यावर त्याला बापाच्याच हाताखाली लावलं. आठ महिने त्याने मासे कापले, आणि आठही महिने जॉबने त्याला चारचौघांत घालूनपाडून बोलण्याची एक संधी सोडली नाही. पोटचा पोर म्हणून सवलत दिली असं कुणी म्हणायला नको, हा त्याचा हिशोब. शेवटी एक दिवस विल्फने सुरी फळीवर आपटली आणि सांगितलं की तो डोनकास्टरला एका नाटक कंपनीत चाललाय.

"नाटकवाल्यांत?" जॉब म्हणाला. "तुला कोण ठेवून घेणार? तोंड पाहिलंयस आरशात?"

"पाहिलंय. तुमचंच आहे."

त्याच्या कपड्यांची पिशवी त्याच्या आधी रस्त्यावर पोचली.

डोनकास्टर, ओल्डहॅम, बर्नली, मग पुन्हा ओल्डहॅम. त्या काळच्या कंपन्या दर सोमवारी नवं नाटक लावायच्या. संध्याकाळी एक नाटक वठवायचं, सकाळी दुसऱ्याची तालीम करायची, आणि जेवताना तिसऱ्याचं पाठांतर. विल्फ सुरुवातीला चहा करायचा, खुर्च्या उचलायचा. मग एकदा म्हातारा बटलर करणारा नट दारू पिऊन जिन्यावरून पडला, आणि एकोणीस वर्षांचा विल्फ रंगरंगोटी न करताच साठीचा बटलर म्हणून उभा राहिला. त्या दिवसापासून त्याचं भविष्य ठरलं. बटलर, पोलीस शिपाई, औषधवाला, दारूच्या गुत्त्याचा मालक, प्रेतं नेणारा, आणि कधीकधी स्वतःच प्रेत. नायकाच्या हातात पत्र द्यायचं आणि दार लावून घ्यायचं. पण ते पत्र तो असं द्यायचा की लोक नायकाकडे न बघता दाराकडे बघत राहायचे.

हे नायकांना आवडायचं नाही, आणि नायकांना न आवडणं हे विल्फला फार आवडायचं. त्याच्या जिभेला पट्टा नव्हता. समोरच्याचं चालणं, बोलणं, तोतरेपण, सगळं तो दोन दिवसांत उचलायचा आणि तिसऱ्या दिवशी त्यालाच करून दाखवायचा. बर्नलीला एका नायकाने त्याच्या थोबाडीत मारली. ओल्डहॅमला त्याने डोरीन नावाच्या, कंपनीचे कपडे शिवणाऱ्या मुलीशी लग्न केलं. ते अठरा महिने टिकलं. एका रविवारी नाश्त्याला त्याने सासूबाईंची नक्कल केली, खुद्द सासूबाई टेबलाशी बसलेल्या असताना. डोरीन उठली, अंडं तसंच टाकून आईला घेऊन गेली, ती परत आली नाही. विल्फ लोकांना सांगायचा, "नक्कल हुबेहूब झाली होती, त्याची कुणी दखलच घेतली नाही."

घरी तो नाताळला कार्ड पाठवायचा. जॉब ते वाचायचा नाही, ॲडा कपाटावर ठेवायची.

पुढे टीव्ही आला तशी नाटक कंपन्यांना टाळं लागलं आणि विल्फ लंडनला आला. तिथेही तेच. शिपाई, बटलर, प्रेत. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणाच्याच नाही. रस्त्यात लोक थांबवायचे, "तुम्ही आमच्या गल्लीत गॅस दुरुस्त करायला यायचा ना?" म्हणून विचारायचे. "हो, आणि बिल अजून भरलं नाहीये तुम्ही," असं म्हणून तो पुढे जायचा.

सहासष्ट साली त्याला एका विनोदी मालिकेत तीन मिनिटांचं काम मिळालं. गोदीवरचा मुकादम, गज नावाचा. निर्माता हेडली प्राइस हा गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचा आणि थंड डोळ्यांचा गृहस्थ. तालमीत त्याने सांगितलं, "काहीतरी कर. कागदावर हा माणूस मेलेला आहे."

विल्फने डावा डोळा मिटला, दोन बोटं दुमडली, हात जाकिटाला पुसला, दातांतून हवा ओढली. "मी काही बोलत नाहीये. पण बोललो ना, तर बघ."

कॅमेरा धरलेला माणूस इतका हसला की चित्र हललं. हेडलीने लेखकाला तिथल्या तिथे बोलावलं.

तीन मिनिटांचं काम वीस मिनिटांचं झालं, आणि दुसऱ्या वर्षी मालिका गजच्या नावावर चालायला लागली. ती स्टुडिओत तीनशे माणसांसमोर चित्रित व्हायची. विल्फने नुसता डोळा मिटायला घेतला की ती तीनशे माणसं खुर्चीतून सांडायची. छत्तीस वर्षांचं आयुष्य दुसऱ्यांची दारं लावण्यात गेलेल्या माणसाला हे मिळालं. त्याने आनंदाने घेतलं, आणि कुठून आणलं हे कुणालाच सांगितलं नाही.

ग्रिम्झबीत मात्र कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्याच भागानंतर, सोमवारी, जॉब गोदीवर गेला. एका पोराने कॉड माशाचा तुकडा फाडून ठेवला होता. जॉब त्याच्यासमोर उभा राहिला, त्याचा डोळा मिटला, आणि चाळीस माणसं खो खो हसली.

महिन्याभरात ऑस्वल्डचं पत्र आलं. ऑस्वल्ड तोवर मासेमारीच्या ट्रॉलरवर सुकाणू धरणारा झाला होता. त्याचं अक्षर तारेच्या कुंपणासारखं.

"बाबांनी काम सोडलं. पेन्शनीला एक वर्ष राहिलं होतं. पबमध्ये जात नाहीत. पोरं खिडकीशी येऊन ओरडतात. हे बंद कर."

विल्फने उत्तर पाठवलं, "पट्ट्याने मारलं तेव्हा तू का नाही सांगितलंस, हे बंद करा म्हणून?"

ऑस्वल्डने परत लिहिलं नाही. विल्फनेही नाही. तीन वर्षं झाली तरी मालिका चालूच होती. विल्फने केंटिश टाउनला दोन खोल्या आणि एक चांगला ओव्हरकोट घेतला.

एकोणसत्तरच्या मार्चमध्ये तार आली. जॉब गेला होता.

चॅपलमध्ये विल्फ मागच्या बाकावर बसला. तरी माणसं माना वळवून बघत होती. गोदीवरची दहाबारा म्हातारी माणसं आली होती, त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. नंतर घरी चहा होता, हॅमचे सँडविच होते. समोरच्या खोलीत विल्फ ताटली घेऊन उभा राहिला. एक तरुण बाई, कुणाची तरी सून असावी, त्याच्याजवळ आली आणि खाली आवाजात म्हणाली, "वेळ बरी नाही, माहितीय मला, पण आमचा लहाना तुमचा फार वेडा आहे. एकदा तेवढं म्हणाल का?"

विल्फने तोंड उघडण्याआधीच ऑस्वल्डने त्याची कॉलर धरली, तसाच स्वयंपाकघरात नेला आणि भिंतीला टेकवला.

"म्हण ना. म्हण. आत शवपेटी नाहीये आता, म्हण बिनधास्त."

"कॉलर सोड, ओझी."

"ओझी म्हणू नकोस. तुझ्या तोंडातलं काहीच तुझं नसतं. मला माझ्या नावाने हाक मार."

"मी त्यांना काही केलं नाही. मी फक्त ते कसे होते ते दाखवलं. इतकं वाईट दिसत होतं तर तसं असायचं नव्हतं."

ऑस्वल्डने ठोसा मारला. तो कानाखाली बसला. चहाच्या किटलीजवळ उभी असलेली ॲडा जागची हलली नाही.

"झालं?" ती म्हणाली. "का अजून एक उरलाय? तोही मार आणि तूही खा एखादा, म्हणजे फिटतील सगळ्यांचे." मग ती विल्फकडे वळली. "तुला माहितीय का, ते बोलायचेच बंद झाले होते. तोंड उघडलं की हसायची माणसं. खाटकाकडे, टपालात. मासा मागितला तरी हसायची. दोन वर्षं झाली, मीठ हवं असलं तर बोट दाखवायचे. घरात. माझ्यासमोर."

"मग तू सांगायचंस मला."

"तू कोण आहेस रे, तुला सांगायला? तुझा पत्ता कार्डावर असतो, वर्षातून एकदा."

विल्फ चार वाजताच्या गाडीने परतला. कान सुजला होता, आणि डोक्यात राख होती ती पश्चात्तापाची नव्हे, रागाची. आपण कुणाचं काय वाईट केलं, हे त्याला खरोखरच दिसत नव्हतं. तीन आठवड्यांनी चित्रीकरण होतं, त्यात त्याने गज असा केला, जसा आजवर केला नव्हता. ऑस्वल्डने बघावं म्हणूनच केला. बापाच्या चालीतलं एक पाय किंचित ओढणं त्याने मुद्दाम राखून ठेवलं होतं, तेही त्या दिवशी वापरून टाकलं. हेडलीने त्याला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बसमधून घरी चालला होता. कोटाच्या खिशात सर्दीचं औषध, घसा बसलेला. शेजारच्या सीटवर एका बाईने भाज्यांची टोपली ठेवली होती आणि एक म्हातारी काठी धरून उभी होती. विल्फ म्हणाला, "टोपली जरा खाली घेता का? या बाईंना बसू द्या."

त्याने काहीच केलं नव्हतं. दोन्ही डोळे उघडे होते, हात खिशात होते. पण बसलेल्या घशातून आवाज जॉबचा आला, कारण आता चाळिशीला टेकल्यावर तो त्याचाच आवाज झाला होता. टोपलीवाली हसायला लागली. मागचा माणूस हसला. कंडक्टर म्हणाला, "अरे, हा तर गज! बसा बसा, मुकादम बोलत नाहीयेत!"

"मी गंमत करत नाहीये," विल्फ म्हणाला. "त्यांना बसू द्या."

बस आणखी हसली.

"अहो, त्यांना उभं राहवत नाहीये!" तो ओरडला, आणि ओरडताना संतापाने त्याचा डावा डोळा आपोआप बारीक झाला. मग तर विचारू नका. ती काठीवाली म्हातारीसुद्धा, तोल सावरत, तोंडावर हात धरून हसत होती.

विल्फ पुढच्या थांब्यावर उतरला. घर अडीच मैल लांब होतं. तो सबंध रस्ता चालत गेला आणि वाटेत वर्तमानपत्र घ्यायचं होतं ते घेतलं नाही, कारण त्यासाठी दुकानदाराशी बोलावं लागलं असतं.

पुढच्या चित्रीकरणाला तो वेळेवर आला, जाकीट चढवलं, खुणेच्या जागी उभा राहिला. तीनशे माणसं आधीच खाकरून तयार. त्याने दोन्ही डोळे उघडे ठेवले. बोटं सरळ सोडली. आणि ओल्डहॅमच्या कुठल्याही बटलरच्या कोऱ्या आवाजात म्हणाला, "मी काही बोलत नाहीये. पण बोललो ना, तर बघ."

कुणीतरी सवयीने हसलं आणि मध्येच थांबलं.

हेडली वरच्या खोलीतून जिना उतरून आला. "आजारी आहेस?"

"नाही."

"मग ते डोळ्याचं कुठे गेलं?"

"करारात आहे?"

"काय?"

"करारात लिहिलंय का, की नटाने डावा डोळा मिटावा? दाखव मला. वाक्य लिहिलंय, वाक्य मी म्हटलं."

"विल्फ, तीनशे माणसं बसलीयेत."

"बसू दे. मी त्यांना उठवलेलं नाही."

हेडलीने हसरं तोंड ठेवूनच त्याच्या कानाशी सांगितलं, "तू काय आहेस ते ठाऊक आहे ना तुला? एक डोळा. बाकी सगळा तू दोन-दोन शिलिंगांना मिळतोस या शहरात. हा डोळा गेला, की तू पुन्हा प्रेत."

"प्रेताचं काम बरं असतं," विल्फ म्हणाला. "कुणी सूचना देत नाही."

सहा भाग त्याने तसेच केले. शब्द न चुकवता, वेळ न चुकवता, आणि एकही हशा न घेता. तीनशे माणसांच्या शांततेत दर वेळी उभं राहणं हे सोपं नसतं. बारा वर्षांचा होता तेव्हापासून हसवण्यावरच तो जगला होता. घामाने सदरा भिजायचा. वर्तमानपत्रांनी लिहिलं, नट संपला. हेडलीने सगळीकडे फोन फिरवले, माणूस विचित्र आहे, कामाला ठेवू नका. मालिका बंद पडली. हे त्याने का केलं, हे विल्फने एकाही माणसाला सांगितलं नाही. हेडलीचं तोंड पडलेलं बघण्यात त्याला जो आनंद झाला, तोही त्याने लपवला नाही.

दोन वर्षं जवळजवळ काहीच मिळालं नाही. ओव्हरकोट राहिला, दोन खोल्यांची एक झाली. मग हळूहळू जुनीच कामं आली. न्यायाधीश, हमाल, पाद्री, प्रेत. त्यातलं एक प्रेत फार चांगलं झालं असं म्हणतात.

पंचाहत्तर साली ॲडा मागच्या पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. विल्फ कामाच्या मधल्या दिवसांत ग्रिम्झबीला यायला लागला. पहिल्या दिवशी दार ऑस्वल्डने उघडलं. तो समुद्र सोडून आता घरीच होता, केस पिकलेले.

"तू आलास."

"ती माझीही आई आहे."

"बघितलं तुझं शेवटचं ते टीव्हीवर," ऑस्वल्ड दारातच उभा राहून म्हणाला. "चोरलंस ते चोरलंस, नंतर धड करताही येईना तुला. दगडासारखा उभा होतास. लाज वाटली मला."

विल्फला उत्तर देता आलं असतं. खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पण ते दिलं असतं तर ऑस्वल्डला कदाचित त्याला माफ करावं लागलं असतं, आणि ऑस्वल्डकडून माफी घ्यायची विल्फची अजिबात तयारी नव्हती.

"माणसाचा एखादा दिवस वाईट जातो," तो म्हणाला. "सरक, पिशवी जड आहे."

आतून ॲडा ओरडली, "दार लावा! कोळसा काय तुमचा बाप आणून टाकणार आहे आता?"

ऑस्वल्ड बाजारात गेला तेव्हा तिने विल्फला पलंगाजवळ बोलावलं.

"डोळा उघडा ठेवलास," ती म्हणाली. "मी बघितलं. सहाही वेळा."

विल्फने तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"तीन वर्षं उशिरा," ॲडा म्हणाली. "उशी वर कर. अशी नाही रे गाढवा, दुसऱ्या बाजूने."

भावांनी दिवस वाटून घेतले. मंगळवार ते गुरुवार विल्फ, बाकीचे ऑस्वल्ड. एकाने मागच्या दाराने निघायचं, मग दुसऱ्याने पुढच्या दाराने यायचं. निरोप भिंतीवरच्या पाटीवर खडूने. 'गोळ्या आणा.' 'तिने जेवण फेकलं.' 'तू चमचे कुठे ठेवतोस?' 'जिथे असतात तिथे.' तीन वर्षं असं चाललं. ॲडा दोघांनाही एकमेकांबद्दल काहीबाही सांगून भडकवत राहायची. त्याशिवाय तिला करमायचं नाही.

ती गेली तेव्हा पेटी उचलायला सहा माणसं लागत होती. पेटीवाल्याने उंची बघून माणसं लावली आणि हे दोघे पुढे, खांद्याला खांदा लावून आले. गेल्या तीन वर्षांत ते एकमेकांच्या इतके जवळ आले नव्हते.

"डावा पाय आधी," ऑस्वल्ड समोर बघत म्हणाला.

"माहितीय मला."

"माहितीय म्हणतोस आणि उजवा टाकतोस."

"तू ओढतोयस, ओझी."

ऑस्वल्डने या वेळी नावाबद्दल काही म्हटलं नाही. पेटीचं वजन होतं आणि चॅपलच्या पायऱ्या ओल्या होत्या. खाली ठेवल्यावर दोघांनी आपापला खांदा चोळला आणि दोन वेगळ्या बाकांवर जाऊन बसले. दुपारी घराच्या किल्ल्या ऑस्वल्डने घेतल्या. विल्फने पाटी मागितली. ऑस्वल्ड म्हणाला, ती फुटली. ती भिंतीवर तशीच टांगलेली दोघांनाही दिसत होती. विल्फने ओव्हरकोटाची बटणं लावली आणि साडेतीनची गाडी धरली, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्याला लीड्सला एका खुनाच्या खटल्यात न्यायाधीश व्हायचं होतं.